प्रार्थनेला औषधाच्या तागडीत तोलू नका

२००६ साली ‘अमेरिकन हार्ट जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकात एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हार्वर्डचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांचे सहकारी यांनी सहा रुग्णालयांतील १८०२ रुग्णांवर हा प्रयोग केला होता. हे सारे बायपास शस्त्रक्रिया करून घेणारे रुग्ण. त्यांतील काहींसाठी दूरवरच्या अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, अशा दोन्ही गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले, ५२ टक्के आणि ५१ टक्के. ज्यांना ‘तुमच्यासाठी निश्चित प्रार्थना होत आहे’ असे सांगितले होते, त्यांच्यात तर ते ५९ टक्के भरले.

तेव्हापासून हा अभ्यास म्हणजे बुद्धिप्रामाण्याचा मक्ता घेतलेल्या मंडळींच्या हातातील हुकमाचे पान झाला आहे. प्रार्थनेचा विषय निघाला की ते पान टाकायचे आणि देवघरात निरांजन लावणाऱ्या आजीपासून कर्करोगाच्या वॉर्डात जपमाळ ओढणाऱ्या रुग्णापर्यंत सर्वांना एकाच पंक्तीत बसवून अडाणी ठरवायचे, हा त्यांचा परिपाठ. हा अभ्यास खोटा आहे असे म्हणण्याचे काहीच कारण नाही. तो काटेकोरपणे झाला आणि त्याचा निष्कर्ष प्रांजळपणे स्वीकारला पाहिजे. प्रश्न आहे तो वेगळाच. यादीतल्या अनोळखी नावासाठी ठरावीक दिवस ठरावीक शब्द उच्चारायचे आणि गुंतागुंतीचा आकडा खाली उतरतो का ते मोजायचे, याला प्रार्थना म्हणायचे की मात्रा? मात्रा लागू पडली नाही, एवढेच त्या अभ्यासाने सिद्ध केले. स्वतःच्या मरणाशी समोरासमोर आलेला माणूस रात्री दोन वाजता खाटेवर पडल्या पडल्या जे नाम घेतो, त्याविषयी त्या अभ्यासाने काहीही सांगितलेले नाही. तो त्याचा विषयच नव्हता.

आणि तो विषय लहान नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख रुग्ण दगावले. याचा अर्थ असा की, वस्तीत, सोसायटीत, शाखेच्या परिसरात एकही कर्करुग्ण नाही असे घर-गाव शोधून सापडणे कठीण. या लाखो माणसांच्या मनाचे काय करायचे, हा प्रश्न टर उडवून सुटणारा नाही.

गंमत अशी की, प्रार्थनेची टर उडवणारा आणि प्रार्थनेचे दुकान मांडणारा हे दोघे एकमेकांचे कट्टर वैरी म्हणून मिरवत असले, तरी मुळात ते एकाच मताचे आहेत. दोघांच्याही लेखी प्रार्थना म्हणजे औषध. एक म्हणतो, हे औषध लागू पडत नाही, सबब फेकून द्या. दुसरा म्हणतो, हे औषध हमखास लागू पडते, सबब विकत घ्या. प्रार्थना ही औषधाच्या तागडीत घालण्याची वस्तूच नव्हे, ही साधी गोष्ट दोघांच्याही गावी नाही.

ज्यांची भक्ती संशयातीत होती

या वादाचा निकाल लावण्यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. अर्वाचीन भारताच्या आध्यात्मिक इतिहासाकडे पाहिले तरी पुरे.

श्रीरामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला. कलकत्त्याजवळच्या काशीपूरच्या उद्यानगृहात १६ ऑगस्ट १८८६ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत डॉ. महेंद्रलाल सरकार होते. १८७६ साली भारतात विज्ञानसंशोधनाची संस्था उभी करणारे हेच ते गृहस्थ. ठाकूर त्यांचे औषध घेत आणि त्यांच्याशी तासन्‌तास ईश्वरविषयक चर्चाही करीत. शिष्यांनी फार आग्रह धरला की, जगन्मातेकडे निदान चार घास गिळता येण्यापुरते तरी मागावे. चरित्रकार सांगतात की, मातेने या साऱ्या शिष्यांकडे बोट दाखवून, एवढ्या मुखांनी तर तू जेवतोच आहेस, असे सुचवले आणि ठाकूर स्वतःच्या मागण्याने लाजले. ज्याला जगन्माता प्रत्यक्ष दिसत होती, त्याने रोगमुक्तीचा सौदा केला नाही.

अरुणाचलाच्या पायथ्याशी राहणाऱ्या रमण महर्षींच्या डाव्या हातावर गाठ आली. ती सार्कोमा या जातीच्या कर्करोगाची होती. १९४९ या एका वर्षात त्यांच्यावर चार शस्त्रक्रिया झाल्या. १४ एप्रिल १९५० रोजी त्यांचे महानिर्वाण झाले. डॉक्टरांना त्यांनी नाकारले नाही आणि दर्शनासाठी आलेल्या भक्तांनाही शेवटपर्यंत परत पाठवू दिले नाही.

खंजिरीच्या तालावर गावागावांत राष्ट्रभक्ती जागवणारे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज यांनाही कर्करोगाने गाठले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी ते गेले. सामुदायिक प्रार्थना ही ज्यांनी विदर्भाच्या खेड्यापाड्यांत दिनक्रमाचा भाग करून टाकली, त्यांचे नाव आज नागपुरातील कर्करोग रुग्णालयाला आहे. प्रार्थना आणि रुग्णालय यांत वैर नाही, हे सांगणारा याहून बोलका फलक कोणता?

आणि संघाचे द्वितीय सरसंघचालक श्रीगुरुजी. रामकृष्ण संघाचे स्वामी अखंडानंद यांचे दीक्षित शिष्य असलेल्या गुरुजींची संध्या आणि ध्यान कधी चुकले नाही. १९७० साली कर्करोगाचे निदान होताच त्यांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घेतली. ताईत बांधला नाही, चमत्काराची वाट पाहिली नाही. पुढे प्रकृती साथ देईपर्यंत देशभरचा प्रवास चालू ठेवला आणि ५ जून १९७३ रोजी नागपुरात देह ठेवला. मागे तीन पत्रे होती. एकात पुढच्या सरसंघचालकांचे नाव, दुसऱ्यात आपले स्मारक न करण्याची सूचना आणि तिसऱ्यात सर्वांची हात जोडून मागितलेली क्षमा. मृत्यू जवळ आल्याचे ठाऊक असताना इतके निरवानिरवीचे, इतके शांत पत्रलेखन ज्या मनाने केले, त्या मनाची घडण प्रार्थनेत झाली होती.

या चौघांची प्रार्थना खोटी होती, असे म्हणण्याचे धाडस कोणीही करणार नाही. तरीही चौघांचा देह कर्करोगाने गेला. या एका वस्तुस्थितीपुढे दोन्ही बाजूंचे दावे कोसळतात. प्रार्थनेने कर्करोग हमखास बरा होतो, असे सांगणाऱ्या दुकानदाराचा दावा कोसळतो. देह वाचला नाही म्हणून प्रार्थना व्यर्थ गेली, असे म्हणणाऱ्या विद्वानाचाही कोसळतो. कारण या चौघांना प्रार्थनेने जे दिले, ते पेशींच्या तपासणीत दिसणारे नव्हते. रोगाने देह घेतला, माणूस त्याच्या हाती लागला नाही.

भागवतातील परीक्षिताची कथाही हेच सांगते. सात दिवसांनी तक्षकाच्या दंशाने मृत्यू येणार हे कळल्यावर राजा गंगातीरी बसला. शुकाचार्य आले तेव्हा त्याने त्यांच्याकडे विषावर उतारा मागितला नाही. ज्याचे मरण समोर उभे आहे त्याने काय करावे, काय ऐकावे, हे त्याने विचारले. संपूर्ण भागवत म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे. मरणासन्न माणसाच्या शेजारी बसून त्याच्याशी बोलावे, हा विचार पाश्चात्त्य वैद्यकाने विसाव्या शतकात मांडला. हिंदू समाज तो सप्ताहाच्या मंडपात शतकानुशतके ऐकत आला आहे. ऐकतो मात्र मंडपातच, वॉर्डात नाही.

आयुर्वेदाने तर या बाबतीत कोठेही घोटाळा ठेवलेला नाही. चरकसंहितेने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, उपवास, प्रणिपात इत्यादींची दैवव्यपाश्रय चिकित्सा, आहार आणि औषध यांची योजना करणारी युक्तिव्यपाश्रय चिकित्सा आणि अहितकर गोष्टींपासून मनाला आवरणारी सत्त्वावजय चिकित्सा. तिन्ही वेगवेगळ्या मांडल्या आणि वैद्य, औषध, परिचारक व रोगी हे चिकित्सेचे चार पाय सांगितले. औषध टाकून मंत्र म्हणा, असा या मांडणीचा अर्थ कोणीही काढू शकत नाही.

मोजता येते तेवढे मोजलेले आहे

आता विज्ञानाचेच नाव घ्यायचे असेल, तर ते पुरते घ्यावे. बेन्सन यांच्या अभ्यासावर थांबू नये.

रुग्णाच्या स्वतःच्या श्रद्धेचा आणि मनःशांतीचा अभ्यास कर्करोगतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे केलेला आहे. त्यासाठी बारा प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. जगण्यात अर्थ वाटतो का, मन शांत आहे का, श्रद्धेतून बळ मिळते का, असे तिचे स्वरूप आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १६१० रुग्णांची अशी पाहणी झाली. त्यात असे दिसले की, ज्यांचे आध्यात्मिक स्वास्थ्य चांगले होते, ते वेदना आणि थकवा असतानाही जगण्यातला आनंद अधिक प्रमाणात टिकवू शकत होते. वेदना तीच, थकवा तोच, पण तो सोसणारा माणूस वेगळा. २०१५ साली ४४ हजारांहून अधिक कर्करुग्णांवरील अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण ‘कॅन्सर’ या नियतकालिकात आले. श्रद्धा-अध्यात्म आणि रुग्णाने स्वतः सांगितलेले स्वास्थ्य यांचा संबंध त्यातही दिसला. विशेष असे की, बाह्य कर्मकांडापेक्षा आंतरिक अनुभूतीशी हा संबंध अधिक जवळचा होता.

येथे तोल सांभाळला पाहिजे. हे संबंध माफक आहेत आणि संबंध म्हणजे कारण नव्हे. शांत मनामुळे त्रास कमी जाणवतो की कमी त्रास असलेल्याचे मन शांत राहते, हे अशा पाहणीतून निर्विवादपणे ठरत नाही. गाठ विरघळते असा दावा तर या संशोधकांनी केलेलाच नाही. तथापि केमोच्या उलट्यांनी आणि किरणोपचारांच्या शेकाने गळून गेलेल्या माणसाला जर एखाद्या अभंगाने रात्र काढण्याचे बळ मिळत असेल, तर त्याच्या हातून तो अभंग हिसकावून घेण्यात कोणते पुरोगामित्व आहे? ज्यांच्या जवळ त्या रुग्णाला देण्यासाठी दुसरे काहीही नाही, त्यांनी निदान त्याच्या जवळचे काढून घेऊ नये.

दुकानाचा रंग पाहू नका

टर उडवणारा रुग्णाचे मन दुखावतो. दुकानदार मात्र त्याचा जीव घेतो. म्हणून त्याच्याविषयी अधिक कठोरपणे बोलले पाहिजे.

२०१८ साली अमेरिकेतील कर्करोग संस्थेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. स्तन, फुफ्फुस, मोठे आतडे व प्रोस्टेट यांच्या, अद्याप शरीरभर न पसरलेल्या कर्करोगाच्या २८१ रुग्णांनी शास्त्रीय उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार पत्करले होते. शास्त्रीय उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तर तो साडेपाच पटींहून अधिक होता. ज्या अवस्थेत रोग बरा होण्याची उत्तम आशा असते, नेमकी तीच अवस्था अंगारा, मंतरलेले तेल आणि गुप्त जडीबुटी यांत निघून जाते. मग अखेरीस रुग्ण टाटाच्या दारात येतो, तेव्हा डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरलेले नसते.

भगवी वस्त्रे नेसून हा धंदा करणारे आहेत, हे मान्य करायला हिंदू समाजाने बिचकू नये. ‘कर्करोग मुळासकट बरा’ अशी जाहिरात करणारा बाबा हा धर्माचा सेवक नव्हे. तो धर्माच्या पोटातील गाठ आहे. त्याचप्रमाणे चंगाई सभांच्या मंडपात माईकवरून औषधे सोडायला सांगणारा आणि रुग्णाच्या भीतीचे भांडवल करून त्याचा देव बदलू पाहणारा प्रचारकही आहे. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची संमती ही संमती नसते. त्याच्या उशाशी बसून धर्मांतराचा हिशेब मांडणे हे अमानुष आहे. ते कोणाही हाती होवो, त्याला विरोधच केला पाहिजे.

कायदा याविषयी गप्प नाही. औषधे व जादूई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना आळा घालणारा केंद्राचा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या रोगांवरील उपचाराची जाहिरात त्याने निषिद्ध ठरवली, त्यांच्या यादीत कर्करोगाचे नाव स्पष्ट आहे. जादूई उपायांत ताईत, मंत्र आणि कवच यांचाही त्याने उल्लेख केला आहे. हा कायदा बाबाला, मांत्रिकाला आणि चंगाई सभेच्या आयोजकाला सारखाच लागू आहे. तो तसाच सारखा राबवला जावा, अशी मागणी करण्याचा अधिकार त्यालाच आहे, जो आपल्या अंगणातील दुकानाकडेही काणाडोळा करीत नाही.

घरातले पाप

याहूनही एक अप्रिय गोष्ट बोलणे प्राप्त आहे. कर्करुग्णाच्या मनावर सर्वांत खोल घाव ना पुरोगामी घालतो, ना बाबा. तो घातला जातो घरातच, भेटीला आलेल्या सोयऱ्यांकडून. ‘गेल्या जन्मीचे भोग, दुसरे काय’, ‘कुलदेवतेचे काही राहिले असेल’, ‘कोणाचा तळतळाट लागला?’ अशी वाक्ये सहानुभूतीच्या सुरात बोलली जातात. बोलणारा चहा पिऊन निघून जातो. ऐकणारी बाई मात्र पुढे कित्येक महिने आपले पाप शोधत बसते.

कर्मसिद्धांताचा एवढा विपर्यास दुसरा नसेल. तंबाखूच्या बारने तोंडाचा, विशिष्ट विषाणूच्या संसर्गाने गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो, हे आज विज्ञानाने निःसंशय दाखवले आहे. काहींच्या बाबतीत आनुवंशिक दोष असतो आणि कित्येकांच्या बाबतीत पेशीविभाजनातील निव्वळ चूक. चार वर्षांच्या बालकाला रक्ताचा कर्करोग होतो, तेव्हा त्याच्या पापाचा हिशेब कोण मांडणार? आणि रोग हीच पापाची पावती असेल, तर परमहंसांचे पाप कोणते होते? महर्षींचे कोणते? कर्मसिद्धांत हा माणसाने स्वतःच्या पुढच्या पावलासाठी वापरायचा दिवा आहे. दुसऱ्याच्या जखमेवर टेकवण्याचा तो पलिता नव्हे.

मानसशास्त्रानेही याची नोंद घेतली आहे. अमेरिकेतील केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयात दाखल झालेल्या ५९६ प्रौढ आणि वृद्ध रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेतला. देवाने मला टाकले, देव मला शिक्षा करतो आहे, या भावनेने जे पोखरले गेले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. २००१ सालचा हा निष्कर्ष आहे. म्हणजे श्रद्धा बळ देते तशी विपरीत रीतीने रुजवलेली श्रद्धा बळ शोषूनही घेते. रुग्णाच्या कानात कोणता देव घातला जातो, शिक्षा करणारा की सोबत करणारा, यावर फार काही अवलंबून असते.

रुग्णालयांचे मौन

डेम सिसिली सॉन्डर्स या इंग्लंडमधील परिचारिकेने पुढे वैद्यकाची पदवी घेतली आणि १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस सुरू केले. मरणोन्मुख रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. ती मनाची, कौटुंबिक-सामाजिक आणि आध्यात्मिकही असते, असे त्यांनी मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे रोग हटो न हटो पण रुग्णाचे दुःख हलके करणाऱ्या शुश्रूषेची जी व्याख्या केली, तिच्यात शारीरिक आणि मनोसामाजिक दुःखाबरोबर आध्यात्मिक दुःखाचाही समावेश आहे. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णांच्या आध्यात्मिक सोबतीसाठी सेवक नेमले जातात आणि त्यांत हिंदू सेवकही आहेत. ज्या देशाने ही परंपरा जगाला शिकवायची, त्या भारतातील रुग्णालयांत मात्र हा विषय काढणे हेच सेक्युलर शिष्टाचाराला सोडून समजले जाते.

या मौनाची किंमत असते. २००७ साली अमेरिकेतील २३० प्रगत अवस्थेतील कर्करुग्णांच्या पाहणीत ८८ टक्के रुग्णांनी धर्म आपल्यासाठी महत्त्वाचा असल्याचे सांगितले. वैद्यकीय यंत्रणेकडून आपल्या आध्यात्मिक गरजांना नाममात्र आधार मिळतो किंवा मुळीच मिळत नाही, असे ७२ टक्के रुग्ण म्हणाले. स्वतःच्या धर्मसमाजाविषयीही ४७ टक्के रुग्णांनी हेच गाऱ्हाणे केले. त्याच संशोधकांनी पुढे असेही दाखवले की, श्रद्धेच्या आधारावर आजार पेलणारे रुग्ण अखेरच्या आठवड्यात व्हेंटिलेटरसारख्या उपायांचा अधिक आग्रह धरतात. परंतु जेथे डॉक्टर-परिचारिकांनी त्यांच्या आध्यात्मिक प्रश्नांची दखल घेतली, तेथे असे रुग्ण हॉस्पिसची शांत शुश्रूषा अधिक प्रमाणात स्वीकारतात. मरणाविषयी कोणी बोलतच नाही, म्हणून यंत्रांना चिकटून राहावे लागते. भारतात याचा अर्थ काय होतो, हे मध्यमवर्गीय कुटुंबांना सांगायला नको. ठेवी मोडतात, जमीन गहाण पडते आणि ज्या घटकेला तोंडात गंगाजल आणि कानावर नाम पडायचे, त्या घटकेला माणूस काचेपलीकडे एकटा असतो.

यावर कोणी असेही म्हणेल की, सरकारी रुग्णालयात धर्म आणणे घटनेला धरून नाही. परंतु रुग्णाला ‘तुम्हाला कशातून बळ मिळते?’ असे विचारणे हा धर्मप्रचार नव्हे, ती शुश्रूषा आहे. उत्तर ‘विठ्ठल’ असेल तर भजनी मंडळाला निरोप द्यावा, ‘कुराण’ असेल तर मौलवींना बोलावावे आणि ‘माझा कशावरही विश्वास नाही’ असे असेल तर नुसते शेजारी बसावे. कोणत्या घटनेला यात बाधा येते?

समाजाने काय करावे

हिंदू समाजाने या क्षेत्रात काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. संघप्रचारक नाना पालकर यांच्या स्मरणार्थ १९६८ साली स्थापन झालेली समिती परळला बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांची सोय होते. ज्या महापुरुषाने कीर्तनातून नवस-बळींवर आसूड ओढले, त्याच्याच नावाच्या छपराखाली रुग्ण नाम घेत केमोच्या तारखेची वाट पाहतात, यात फार मोठा अर्थ आहे. नागपुरात डॉ. आबाजी थत्ते यांच्या नावाच्या संस्थेने राष्ट्रीय कर्करोग संस्थान उभारले. मुंबईचे श्री सिद्धिविनायक मंदिर न्यास रुग्णांना अर्थसाहाय्य देते.

तथापि खोली दिली, जेवण दिले, धनादेश दिला आणि तेथे थांबलो, असे होता कामा नये. भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत, वांद्र्याला सुरू झाले. ते शांती अवेदना सदन ख्रिस्ती समाजातील डॉक्टरांच्या पुढाकाराने उभे राहिले आणि तेथे सर्व धर्मांच्या रुग्णांची सेवा होते. अशा सेवेकडे संशयाने पाहण्यापेक्षा हिंदू समाजाने स्वतःला विचारावे की, मरणाचे एवढे सखोल चिंतन ज्याच्या घरात आहे, त्याला हे आधी का सुचले नाही? ‘मिशनरी रुग्णाच्या उशाशी बसतात’ ही तक्रार करण्याचा अधिकार, जो स्वतः त्या उशाशी जाऊन बसला त्यालाच पोचतो.

म्हणून काही गोष्टी मनाशी पक्क्या कराव्या लागतील. पहिली, आधी वेदनाशमन, मग भजन. हाडांत पसरलेल्या कर्करोगाने तळमळणारा माणूस प्रार्थना करू शकत नाही. मॉर्फिनवरील कायद्याची जाचक बंधने २०१४ सालच्या दुरुस्तीने सैल झाली आहेत. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात ते मिळते का, याची चौकशी करणे हेसुद्धा धर्मकार्यच आहे. केरळात सामान्य नागरिकांनी गावोगाव स्वयंसेवी पथके बांधून घरोघरची पॅलिएटिव्ह सेवा उभी केली आणि २००८ साली त्या राज्याने तिचे धोरणच जाहीर केले. महाराष्ट्रातील मंडळांना आणि मंदिर न्यासांना हे अशक्य नाही.

दुसरी, औषधाविषयी एक शब्दही बोलायचा नाही. जो कार्यकर्ता रुग्णाला ‘केमो सोडा, अमुक काढा घ्या’ असे सांगेल, त्याला त्या कामातून त्याच दिवशी मोकळे करावे. तिसरी, पाप, भोग, कोप हे शब्द रुग्णाच्या खोलीत उच्चारायचे नाहीत. चौथी, रुग्णाला हवे तेवढेच. त्याला भजन नको असेल तर क्रिकेटवर बोलावे, बोलणेही नको असेल तर उगी बसावे. पाचवी, फोटो नाही, फलक नाही, बातमी नाही.

सहावी गोष्ट या सर्वांहून अवघड आहे. ‘काही होणार नाही, बरे व्हाल’ असे खोटे आश्वासन द्यायचे नाही. बऱ्याच घरांत रुग्णाला रोगाचे नावही सांगितले जात नाही. सारे घर त्याच्यासमोर नाटक करते आणि त्याला सारे कळलेले असल्यामुळे तोही नाटक करतो. या नाटकात निरोप घ्यायचे राहून जातात, क्षमा मागायच्या राहून जातात. गुरुजींची तिसरी चिठ्ठी लिहिली जाऊ शकली, कारण त्यांच्यापासून काही लपवलेले नव्हते.

प्रार्थनेने कोण किती वर्षे अधिक जगेल, हे कोणालाही सांगता येणार नाही आणि सांगूही नये. उरलेले दिवस तो भीतीने मरत मरत काढील की माणूस म्हणून जगेल, याच्याशी मात्र प्रार्थनेचा आणि ती करताना शेजारी असणाऱ्या माणसाचा निश्चित संबंध आहे. परीक्षिताला सात दिवस होते आणि समोर शुक होता. आज शहरोशहरीच्या वॉर्डांत कोणाजवळ सात महिने आहेत, कोणाजवळ सात दिवस, आणि समोरचे स्टूल रिकामे आहे. आठवड्यातून एक तास त्या स्टुलावर जाऊन बसणारी माणसे प्रत्येक नगरात दहा निघाली, तर टर उडवणाऱ्यांना वेगळे उत्तर देण्याची गरज उरणार नाही आणि दुकानदारांना गिऱ्हाईक मिळणार नाही.